सुगरण आणि हळदी-कुंकू बदक : अंड्यातलं बालपण, अंड्याबाहेरचं बालपण

(पक्षी सप्ताहात इटियाडोह इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)



सकाळी आपण धरणाच्या भिंतीवर उभे होतो तेव्हा एका मुलीनं मला विचारलं, “सर, चिमणीएवढे पक्षी एवढे गातात, मग एवढं मोठं बदक का गात नाही?” मी तिला म्हटलं, दुपारी सांगतो. तर आजचं सगळं बोलणं म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे. फक्त उत्तराला सुरुवात घशापासून न करता अंड्यापासून करावी लागेल.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण मराठीत ‘गाणारा पक्षी’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कोकीळ येतो. पक्षीशास्त्राच्या हिशेबात कोकीळ गाणारा पक्षी नाही. मोर नाही, पोपट नाही. आणि कावळा मात्र आहे! (हशा.) हसू नका, खरं आहे. ‘गाणारे पक्षी’ हे एका कुळाचं नाव आहे, गोड गळ्याचं प्रमाणपत्र नाही. चिमणी, साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंपी, कोतवाल, सुगरण आणि कावळा, हे सगळे एकाच वंशाचे. उन्हाळ्याच्या शेवटी आपल्या जंगलात येणारा नवरंग फांदीवर बसतो, सुंदर शीळ घालतो, पण तोसुद्धा या कुळात नाही, शेजारच्या कुळात आहे. जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत, त्यांपैकी साधारण ५,००० या गाणाऱ्यांच्या. बदकं, हंस, कलहंस सगळे मिळून पावणेदोनशेच्या आसपास.

कुळं किती दूरची, तेही सांगतो. बदक आणि कोंबडी ही जुनी भावंडं. डायनासोर नाहीसे व्हायच्या आधीच त्यांचा वंश बाकीच्या पक्ष्यांपासून वेगळा झाला होता. बेल्जियममध्ये सापडलेल्या, २०२० साली जगासमोर आलेल्या एका कवटीत अर्धी लक्षणं कोंबडीची आणि अर्धी बदकाची आहेत, आणि ती कवटी सहा कोटी सहासष्ट लाख वर्षांहून जुनी आहे. गाणारे पक्षी त्या मानानं नवे. ते ऑस्ट्रेलियाच्या भागात उगम पावले आणि तिथून जगभर पसरले. कोंबडी-बदकाचं नातं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आजचे दोन पाहुणे. खरं तर पाहुणे नाहीत, दोघंही इथलेच, बारमाही.

पहिलं हळदी-कुंकू बदक. काळी चोच, टोकाला पिवळी, मुळाशी दोन लालसर ठिपके. हळद आणि कुंकू. ज्यानं हे नाव ठेवलं त्याची नजर बायकांच्या देव्हाऱ्यावर चांगली बसलेली असणार. वजन किलोच्या आसपास. नर-मादी दिसायला जवळजवळ सारखे. पाण्यात बुडी मारत नाही, डोकं खाली आणि शेपटी वर करून तळातलं खातं. हिवाळ्यात इथे थापट्या येतो, तलवार बदक येतं, लालसरी येते, पट्टकदंब हंस येतात आणि सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडे वळतात. हळदी-कुंकूकडे फारसं कोणी बघत नाही, कारण ते रोजचंच.

दुसरी सुगरण. तुमच्या बांधीच्या धुऱ्यावरच्या बाभळीला, शिंदीला खोपे लटकलेले सकाळी दाखवले, ते तिचे. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. बहिणाबाई चौधरींची सुगरणीवरची कविता आपण सगळ्यांनी शाळेत म्हटली आहे, त्यामुळे खोपा विणणारी ती आई असं मनात पक्कं बसलं आहे. विणतो नर. आपण नाव मात्र स्त्रीचं दिलं.

हे कोणी नीट पाहिलं? डॉ. सालिम अली यांनी, १९३० च्या पावसाळ्यात, अलिबागजवळ किहीमला. जर्मनीहून शिकून आले होते, हाताला नोकरी नव्हती, किहीमला पत्नीच्या माहेरचं छोटं घर होतं आणि घराजवळ सुगरणींची वसाहत होती. बसले पाहत. तेव्हा दिसलं की नर एकामागून एक खोपे सुरू करतो. खोपा अर्धा झाला, म्हणजे टोपीसारखा झाला, की माद्या येतात, आत शिरून बघतात. एखादीला पसंत पडला तर ती तिथे राहते, नर उरलेली नळी विणून पुरी करतो आणि पुढचा खोपा घेतो, दुसरीसाठी. पसंत नाही पडला तर तो अर्धवट राहतो. सकाळी तुम्ही ‘हा अर्धाच का?’ असं विचारत होता, तो नापास झालेला खोपा. बेकार माणसाच्या त्या पावसाळ्यानं आपल्याला हे ज्ञान दिलं.

आता अंड्याकडे येऊ.

सुगरणीचं अंडं दोन सेंटिमीटर लांब, वजन जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम. ती दोन ते चार अंडी घालते. हळदी-कुंकूचं अंडं पन्नास ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बदकाचं एक अंडं तराजूच्या एका पारड्यात ठेवलं तर दुसऱ्या पारड्यात दोन अख्ख्या सुगरणी बसवाव्या लागतील! आणि अशी आठ-दहा अंडी ते बदक रोज एक या हिशेबानं घालतं. पंधरवड्याच्या आत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास माल तिनं शरीराबाहेर काढलेला असतो.

फक्त आकाराचा फरक नाही. घरात बदकाची अंडी खाणाऱ्यांना माहीत आहे, बदकाच्या अंड्यात बलक मोठा, ते ‘जड’ लागतं. गाणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यात बलक साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असतो, बाकी बराचसा पाणीदार पांढरा भाग. बदकाच्या अंड्यात पस्तीस-चाळीस टक्के बलक. बलक म्हणजे शिदोरी. सुगरण आपल्या पिल्लाला थोडी शिदोरी देऊन लवकर बाहेर काढते, चौदा-पंधरा दिवसांत. हळदी-कुंकू भरगच्च डबा बांधून देते आणि पिल्लाला चोवीस दिवसांच्या आसपास आत ठेवते.

मग बाहेर काय येतं ते बघा. सुगरणीचं पिल्लू दोन ग्रॅमचंसुद्धा नसतं. अंगावर पीस नाही, डोळे बंद, मान उचलता येत नाही. त्याला एकच गोष्ट येते, चोच उघडणं. हळदी-कुंकूचं पिल्लू सुमारे तीस ग्रॅमचं, म्हणजे पूर्ण वाढलेल्या सुगरणीएवढं किंवा थोडं जडच. अंगावर दाट लव, डोळे उघडे, काही तासांत चालतं, दुसऱ्या दिवशी पोहतं आणि स्वतः किडे पकडून खातं. आई त्याला भरवत नाही. कधीच नाही. दाखवते, नेते, पंखाखाली घेते, पण चोचीत घास देत नाही.

तर फरक हा आहे. बाळ वाढवायचा खर्च दोघींनाही करावाच लागतो. बदक तो आधी करतं, अंड्यात. सुगरण नंतर करते, उधारीवर, चोचीचोचीनं. पुढचं सगळं, आवाज, घरटं, मेंदू आणि दोघींना लागणारा तलावसुद्धा, यातून निघतं.

ही उधारी फेडायची म्हणजे काय, याचा अंदाज घ्या. सुगरणीचं पिल्लू सतराएक दिवसांत खोप्याबाहेर पडतं. तेवढ्यात त्याचं वजन दहापटीहून जास्त वाढलेलं असतं. हे धान्यावर होत नाही, त्याला मांस लागतं. एरवी दाणे खाणारी सुगरण त्या दिवसांत अळ्या, टोळ, कोळी यांच्या मागे असते. भरवण्याचं काम मुख्यतः आईचं, बाप तेव्हा पुढच्या खोप्यात गुंतलेला. म्हणून तिचा विणीचा हंगाम बरोबर पावसाळ्यात येतो. तुमची रोवणी झालेली असते, धानाचं पातं लांब झालेलं असतं आणि नराला विणायला त्याच पात्याच्या पट्ट्या मिळतात, मादीला त्याच बांधीतले किडे.

बदकाची वीणही त्याच दिवसांत. घरटं जमिनीवर, तलावाच्या काठच्या उंच गवतात. मादी स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून आत अंथरते, खायला उठली तर तीच पिसं अंड्यांवर ओढून जाते. नर अंड्यांवर बसत नाही. मुंगूस, घोरपड, साप, कावळा, गावातली कुत्री, सगळ्यांच्या तोंडासमोर ती चोवीस दिवस एकटी बसते. सुगरणीचा खोपा काट्याच्या झाडाला, पाण्यावर लटकलेला, खालून नळीतून रस्ता. ज्या पिल्लाला पळता येत नाही त्याच्यासाठी असा किल्ला हवाच. बदकाचं पिल्लू पळू शकतं, म्हणून घरटं फक्त अंड्यांपुरतं. दुसऱ्या दिवशी ते रिकामं.

यात एक अडचण आहे. आठ-दहा अंडी आठ-दहा वेगवेगळ्या दिवशी घातलेली. पहिलं पिल्लू आठ दिवस आधी निघालं तर आई त्याला घेऊन पाण्यावर जाणार की बाकीची उबवणार? म्हणून बदक अंडी पुरी होत आल्यावरच नेटानं बसतं, आणि शेवटचे एक-दोन दिवस पिल्लं अंड्याच्या आतून टिकटिक करून एकमेकांना आवाज देतात. बाहेर यायला सगळी जवळजवळ एकत्र येतात. कवच फुटायच्या आधीच त्यांचं बोलणं सुरू झालेलं असतं.

गिल्बर्ट गॉटलिब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं यावर वर्षानुवर्षं काम केलं. मॅलार्ड बदकावर, ते हळदी-कुंकूचं अगदी जवळचं नातेवाईक आणि आपल्या बहुतेक पाळीव बदकांचं पूर्वज. बाहेर आलेलं पिल्लू, आईला कधी ऐकलेलं नसलं तरी, आपल्या जातीच्या आईच्या हाकेकडे धावतं. लोक म्हणत, ही उपजत बुद्धी. गॉटलिबनं अंड्यातल्या पिल्लांचा आवाज तात्पुरता बंद केला, म्हणजे त्यांना ना स्वतःचा आवाज ऐकू येई ना भावंडांचा. अशी पिल्लं बदकाच्या आईची हाक आणि कोंबडीची हाक यांत गोंधळू लागली! म्हणजे ‘उपजत’ म्हणतो त्यातसुद्धा थोडं शिकणं असतं, ते अंड्याच्या आत उरकलेलं असतं, एवढंच.

कोंबडीवरून आठवलं. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली आहेत? बघा, बरेच हात वर आले. कोंबडीची अंडी एकवीस दिवसांत फुटतात, पाळीव बदकाची अठ्ठावीस. बिचारी सात दिवस जास्त बसते. पिल्लं निघाली की तिच्यामागे चालतात, कारण बाहेर आल्यावर जे मोठं, हलणारं आणि हाक देणारं पहिल्यांदा दिसतं ते त्यांच्या डोक्यात आई म्हणून ठसतं. ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झ यांनी हे हंसांच्या पिल्लांवर १९३५ मध्ये मांडलं, पिल्लं त्यांच्याच मागे फिरत, पुढे १९७३ चं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. पण डबकं दिसलं की पिल्लं पाण्यात आणि कोंबडी काठावर आकांत करते. आई कोण हे बाहेर शिकलं, पाण्यात उतरायचं हे शिकावं लागलं नाही. लोरेन्झनी जे पुस्तकात लिहिलं ते तुमच्या आजीला अंगणात दिसत होतं.

आता त्या मुलीचा प्रश्न. गाण्याचा.

पक्ष्यांचा आवाज घशातून नाही, खाली जिथे श्वासनळीचे दोन फाटे होतात तिथल्या एका अवयवातून येतो. गाणाऱ्या पक्ष्यांत त्याच्याभोवती बारीक स्नायूंच्या अनेक जोड्या असतात आणि डावी-उजवी बाजू स्वतंत्र चालवता येते. एकाच वेळी दोन सूर. बदकाकडे एवढे स्नायू नाहीत. शिवाय नराच्या त्या जागी डावीकडे हाडाचा एक फुगवटा असतो, त्यामुळे त्याचा आवाज घोगरा, फुसका येतो. तलावावर मोठ्यानं ‘क्वॅक क्वॅक’ ओरडते ती मादी. सुगरणीच्या झाडाखाली उभे राहिलात तर पंख फडफडवून चिवचिवाटाचा गोंगाट करतात ते नर.

पण खरा फरक घशात नाही, डोक्यात आहे. गाणारा पक्षी गाणं शिकतो. केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात शॅफिंच नावाच्या छोट्या पक्ष्याची पिल्लं एकटी, आवाज न ऐकवता वाढवली. मोठी झाल्यावर ती गायली, पण गाणं अर्धवट, बेढब. लहानपणी मोठ्यांचं ऐकणं, मग बडबड करून पाहणं, मग चुका दुरुस्त करणं, आपल्या बाळांसारखंच. बदक हे करत नाही. त्याच्या हाका बहुतांशी जन्मतः ठरलेल्या.

का? इथे अंड्यावर परत या. अंड्यातून निघताना बदकाचा मेंदू बराचसा तयार असतो, तयार असावाच लागतो, दुसऱ्या दिवशी पोट भरायचं आहे. सुगरणीच्या पिल्लाचा मेंदू निघताना अगदी कच्चा. तो खोप्यात, आईच्या घासांवर, बाहेरचे आवाज ऐकत वाढतो. आणि अशा परावलंबी जन्मलेल्या पक्ष्यांचा मेंदू मोठेपणी शरीराच्या मानानं सरासरीत मोठा भरतो. आळशी बाळपणाचा हा फायदा म्हणा हवं तर. परावलंबी पिल्लांचे सगळेच पक्षी गाणं शिकतात असं नाही, कबुतर शिकत नाही. पण शिकायला वेळ आणि वाढता मेंदू लागतो, आणि तो सुगरणीच्या वाटच्या पिल्लाकडे असतो. खोपा विणण्याचंही तसंच: पहिल्या खेपेच्या तरुण नरांचे खोपे वेडेवाकडे, ढिले. सरावानं हात, म्हणजे चोच, बसते.

अपवाद सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रेलियात माणसांनी हातावर वाढवलेलं एक कस्तुरी बदक होतं. १९८७ मध्ये त्याचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. ते चक्क ‘यू ब्लडी फूल’ असं म्हणत होतं, बहुधा सांभाळणाऱ्याकडून ऐकलेलं. दार आपटल्याचाही आवाज काढत होतं. ती ध्वनिफीत पडून होती, २०२१ मध्ये तिच्यावर शोधनिबंध आला. त्यामुळे ‘बदक कधीच शिकत नाही’ असं मी लिहून देणार नाही. पण आपल्या हळदी-कुंकूकडून शिव्यांची अपेक्षा ठेवू नका. (हशा.)

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, माहिती छान आहे, पण इटियाडोहच्या काठी बसून याचं काय करायचं? मला वाटतं, इथेच याचं काम आहे.

दोन्ही पिल्लांना पहिल्या दिवसांत किडेच लागतात. हळदी-कुंकू मोठं झाल्यावर कोंब, बिया, धान खातं, पण त्याचं पिल्लू पहिले काही आठवडे पाण्यातले किडे, अळ्या, बारीक गोगलगाई यांच्यावर वाढतं. आता, सुगरणीचं पिल्लू जागेवर बसून असतं आणि आई उडत जाऊन आणते. त्यामुळे झाड एकीकडे, बांधी दुसरीकडे असली तरी चालतं. दोन-अडीच आठवडे निभावले की झालं. बदकाचं पिल्लू उडायला सात-आठ आठवडे घेतं. तेवढे दिवस त्याचं सगळं जग पायी आणि पोहत जाता येईल एवढंच. खाणं, लपणं, पाणी, सगळं एकाच ठिकाणी हवं. ते ठिकाण म्हणजे तलावाचा उथळ, पाणवनस्पतींनी भरलेला काठ. खोल पाणी त्याच्या काही कामाचं नाही.

इटियाडोह बघा. गाढवी नदीवरचं हे धरण १९७० चं, तीसेक मीटर उंच मातीची भिंत, पाणी पार गडचिरोलीच्या शेतांपर्यंत जातं. पावसाळ्यात पाणी चढतं आणि काठ रोज मागे सरकतो, नेमके बदकाच्या घरट्याचे दिवस. मग पाणी सोडलं की काठ पुढे पळतो, मागे उघडा चिखल राहतो. अशा काठावर झाडोरा टिकून धरत नाही. हिवाळ्यात बदकांचे थवे दिवसा मोकळ्या पाण्यावर विसावतात, तिथे कुत्रं पोहोचत नाही, आणि रात्री चरायला छोट्या तलावांवर, बांध्यांत जातात. मोठं धरण ही त्यांची झोपायची खोली. स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली दुसरीकडे आहे.

ती आहे आपल्या मामा तलावांत. नव्या मंडळींसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी हे तलाव बांधले, मालगुजारी गेल्यावर नावाला ‘माजी’ लागलं. नवेगावबांध हा त्यांतला थोरला. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत तिथे राहिले आणि मराठीतल्या पक्ष्यांच्या नावांचा मोठा साठा त्यांनी पुढे पक्षीकोशात आणला. या तलावांची रचना लक्षात घ्या: पाळ एका बाजूला, उरलेल्या बाजूंनी जमीन हळूहळू उतरत पाण्यात जाते. त्या उतारावर पट्टे तयार होतात. आधी गवत, मग देवधान, मग कमळ-कुमुदिनी, मग पाण्याखालची वनस्पती. बदकाला घरट्यासाठी पहिला पट्टा, पिल्लांना लपायला दुसरा, खायला तिसरा. जणू मोजून दिलेलं घर, पण बांधणाऱ्यांनी धानासाठी बांधलेलं.

त्या पट्ट्यांवर आता काय आलं आहे? बेशरम. गुरं खात नाहीत, वाळत नाही, कापलं की दुप्पट. बेशरम दाट झालं की देवधान जातं, पाण्याखालचं गवत जातं, त्यावरचे किडे जातात, आणि गावरान मासेही जातात. मासे गेल्याचं ढिवर बांधवांनी सगळ्यांत आधी ओळखलं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांबरोबर जे काम केलं ते मला फार मोलाचं वाटतं. बेशरम उपटायचं, तलावाचा कोरडा तळ नांगरायचा आणि पाणवनस्पती पुन्हा लावायच्या. कोणती कुठे लावायची हे ज्ञान ढिवरांचं. हेतू मासे. पण माशाच्या पिल्लाला आणि बदकाच्या पिल्लाला हवा असलेला काठ एकच आहे. गवत खाणारा ग्रास कार्प मासा भरमसाट सोडला तर दोघांचंही नुकसान होतं, हे त्याच हिशेबातलं.

दुसरी गोष्ट गाळाची. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे. गाळ काढावा, शेतात टाकावा, माझा विरोध नाही. पण यंत्र लावून तलाव पेटीसारखा खोदला, काठ उभा कापला, वर दगडी पिचिंग केलं, तर पाणी वाढेल आणि काठ संपेल. उभ्या भिंतीवरून तीस ग्रॅमचं पिल्लू वर चढत नाही. मध्ये खोल करा, उताराच्या बाजू सोडा. ग्रामसभेत हे एक वाक्य ठरावात घालायला पैसे लागत नाहीत.

आणि एक राहिलं. सुगरण आपले पंख हळूहळू, एकेक पीस करून बदलते, तिचं उडणं थांबत नाही. बदक पंखांची सगळी मोठी पिसं एकदम गाळतं आणि तीन-चार आठवडे उडूच शकत नाही. म्हणजे मोठ्या बदकालाही वर्षातून एकदा पिल्लासारखं लपावं लागतं, त्याच काठात.

प्रश्न घेऊ.

प्रश्न : सुगरणीचे खोपे शहरात शोभेला विकतात. आम्ही रिकामे खोपे काढले तर?

आता, नोव्हेंबरात, बरेच खोपे रिकामे असतात हे खरं. पण खालून बघून रिकामा कोणता ते कळत नाही, आणि जुन्या खोप्यांत मुनियांसारखे छोटे पक्षीही राहतात. अंडी-पिल्लं असलेला खोपा काढणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. वाऱ्यानं खाली पडलेला खुशाल उचला, शाळेत ठेवा, मुलांना उसवून बघू द्या.

प्रश्न : पण सर, सुगरण धान खाते. आम्ही तिचं कौतुक कसं करायचं?

तुमचं म्हणणं बरोबर आहे, लोंबी दुधात आली की थवे पडतात आणि धुऱ्याकडच्या ओळींचं नुकसान होतं. मी ते नाकारणार नाही. चमकणारी फीत बांधा, आवाज करा, ते दिवस मोजके असतात. एवढंच लक्षात घ्या की दोन महिने आधी त्याच बांधीतल्या अळ्या ती पिल्लांना घालत होती. पलीकडे छत्तीसगडात कापणीनंतर धानाच्या लोंब्या विणून चिमण्यांसाठी दारात टांगतात. आणि अळीच्या दिवसांत फवारणी जपून करा, कारण विष पडलं की सुगरणीचं पिल्लू आणि बदकाचं पिल्लू दोन्ही उपाशी, एक झाडावर आणि एक पाण्यात.

प्रश्न : मागच्या पावसाळ्यात रस्त्यावर बदकाची सहा पिल्लं सापडली, आई दिसत नव्हती. घरी आणली, पण जगली नाहीत. काय चुकलं?

तुम्ही चांगल्या मनानं केलं. पण आई बहुधा जवळच होती. माणूस आला की ती पंख मोडल्यासारखं करत दूर सरपटते, आपलं लक्ष तिकडे जावं म्हणून, किंवा गवतात दबून बसते. पिल्लं घरट्याकडून पाण्याकडे चालत निघालेली असतात. तेव्हा फक्त गाड्या थांबवायच्या, कुत्र्यांना हाकलायचं, आणि ज्या बाजूला पाणी आहे तिकडे त्यांना जाऊ द्यायचं. अगदीच अडकली असतील तर उचलून काठच्या गवतात ठेवायची आणि लांब जाऊन अर्धा-पाऊण तास थांबायचं. पिल्लं सारखी ओरडतात, आई त्या आवाजावर येते. घरी तांदूळ-पोळी घातली तर पोट भरेल, पण त्यांना किडे हवे असतात आणि रात्री आईच्या पंखाखालची ऊब. सुगरणीचं पिल्लू खाली पडलं तर मात्र उलट: ते पळणार नाही, त्याला उचलावंच लागतं. खोप्यापर्यंत हात पोचत असेल तर परत आत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकते ही समजूत चुकीची आहे. हात पोचत नसेल तर त्याच फांदीला छोटी टोपली बांधा, आत गवत घाला, आणि आई आवाजावर येते का ते लांबून बघा. तेही जमलं नाही तर वनखात्याला कळवा.